पेटीतलं कापड

आक्रा,
१४ डिसेंबर १९९७

प्रिय दोसूदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, पोरांना पापे. मी बरी आहे. इकडे कोरडा वारा सुटलाय, सकाळी वह्यांवर धूळ बसलेली असते आणि ओठ फुटतात. पत्रास कारण आहे, पण ते खाली येईल.

आधी तू विचारलंस ते. काल सालिऊ कोतोनूहून गाडी घेऊन आला, तेव्हा मी नेहमीसारखी स्टँडवर गेले. पत्र नाही, नेहमीची गारीची, कसाव्याच्या रव्याची, पिशवी नाही. म्हणाला, "दोसूने एवढंच विचारलंय, परीक्षा कशी झाली?" आणि माझ्याकडे न बघता टायर तपासायला वाकला. टोमणा पोचला, दादा.

परीक्षा चांगली झाली. इंग्रजीचा दाखला मिळाला, वर्गात दुसरी आले. पहिली रमाता, माझ्या खोलीतली, वागादुगूची. तिला उत्तर येवो न येवो, ती बोलत सुटते आणि अमान्क्वा सर हसून गुण देतात. मी आधी मनात वाक्य जुळवते, तोवर पुढचा प्रश्न येतो. आई म्हणायची ना, "लवकर शिकून ये गं. ते नायजेरियाचे व्यापारी माझ्या तोंडावर इंग्रजीत माझ्या कांद्याला नावं ठेवतात. मला कळू तर दे, मग मी ठेवते त्यांच्या बापाला!"

आता कारण.

मी तुला कळवलं होतं की सालिऊ मला भेटला नाही, निरोप उशिरा मिळाला. ते खोटं होतं. त्या गरिबाला उगीच बोल लावू नकोस. दहा नोव्हेंबरला, सोमवारी सकाळी, त्याने तुझा निरोप मला शब्दाला शब्द सांगितला होता. "आईला जरा बरं नाही, येऊन जा."

आपल्याकडे असा निरोप कशाचा असतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाबा गेले तेव्हा तूच मला "बाबांना ताप आहे" म्हणून शाळेतून घरी आणलं होतंस.

सालिऊ म्हणाला, "बसतेस ना? पुढची जागा ठेवलीय."

"आजारीच आहे ना? मग गुरुवारची परीक्षा देऊन येते."

"हुएफा, नीट ऐकलंस ना?"

"ऐकलं."

तो तरी आणखी काय बोलणार? मरण परक्या माणसाने रस्त्यात सांगायचं नसतं, ते घरच्यांनी घरात बसवून सांगायचं. मी त्याचाच फायदा घेतला. मला अजून कोणी सांगितलेलं नाही, म्हणजे ती आहे, असं मनाशी घोकत राहिले.

गुरुवारी तोंडी परीक्षेत सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी सगळे कसे आहेत?" मी म्हटलं, "सगळे मजेत आहेत, सर." दहापैकी दहा मिळाले. वर्षभरात पहिल्यांदाच मी वाक्य न जुळवता बोलले होते.

माती शनिवारी होती. शुक्रवारी पहाटे निघाले असते तरी पोचले असते. पण आत्याने सगळ्यांसमोर विचारलं असतं, निरोप सोमवारी मिळाला, मग चार दिवस कुठे होतीस? त्या प्रश्नाला भिऊन मी इथेच बसले. आईपेक्षा मला आत्याच्या तोंडाची भीती जास्त वाटली, असं म्हण. मी स्वतःला रोज म्हणते.

आणि याहून वाईट अजून सांगायचंय. त्या सोमवारी मी स्टँडवरून वर्गात गेलेच नाही. बाजारात गेले आणि कापड घेतलं. पांढरं, बारीक निळ्या काठाचं, आईला पायापर्यंत पुरेल एवढं. आजारी माणसासाठी असं कापड कोण घेतं? ते पेटीत तळाशी घातलं, वर पुस्तकं रचली आणि परीक्षेच्या अभ्यासाला बसले. निदान सालिऊच्या हाती पाठवायचं, तर तेही केलं नाही. पाठवलं असतं तर मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं.

काल रमाता शब्दकोश शोधायला पेटीत वाकली. "हे कोणासाठी गं?" म्हणाली. मी जमिनीवर बसले आणि महिन्याभरात पहिल्यांदा रडले.

दादा, शवपेटीपाशी एकेका मुलाचं नाव घेतात आणि त्याने आणलेलं कापड आत आईवर घालतात. आधी तुझं नाव घेतलं असेल. मग माझं. त्या वेळी काय झालं, ते मला सांग. कोणी माझ्या वतीने कापड घातलं, की सगळे गप्प उभे राहिले? आई माझ्या कापडावाचून गेली का? जे झालं असेल ते लिही. माझ्यासाठी गोड करून लिहू नकोस, आणि आत्याकडून लिहवून घेऊ नकोस.

कापड सालिऊबरोबर पाठवते आहे. ते आता तिच्या अंगावर पडणार नाही, मला माहीत आहे. नको असेल तर परत पाठव, मी समजेन. ठेवलंस तर कपाटात कोंडू नकोस, तिच्या कांद्याच्या टोपलीवर घाल. सालिऊला सांगितलंय, दोसूने कापड घेतलं तर पुढच्या फेरीला माझ्यासाठी पुढची जागा ठेव.

सोमवारीच सगळं कळलेली,
तुझी बहीण
हुएफा