उलटा बसलेला पार्ट

सर, तुमच्या स्वयंपाकघरातली ती सकाळ माझ्या डोक्यातून अजून जात नाही. आयटीआयमधून निवृत्त होऊन तुम्हाला दोन वर्षं झाली होती आणि काकू गेल्यापासून चहा तुम्हीच करायचात. मी तुळजापूरला एसटीतून उतरून थेट तुमच्याकडं आले होते. ओट्यावरचे डबे सरकवून माझं चित्र पसरलं. टेबलावर मावेल अशी मशीन, सर्किट बोर्डावर मोहरीएवढे पार्ट उचलून जागच्या जागी ठेवणारी. मोठ्या कारखान्यांत असतात तशीच, पण आमच्यासारख्यांना परवडणारी. तुम्ही चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिलात. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"भूमच्या त्या चार बाया हेच काम चिमट्यानं करतात ना गं?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हणाले. "मग त्यांनी काय करायचं? मशीनच्या तोंडाकडं बघत बसायचं?" मी भांडले. पार्ट दर वर्षी बारीक होतायत, बायांचे डोळे दुखतात, काम पुण्याला चाललंय, हे सगळं एका दमात सांगितलं. वर म्हणाले, "कुणाचंच काम जाणार नाही सर, लिहून देते." तुम्ही एवढे चिडलात की चहा उतू गेला तरी लक्ष नव्हतं. "असलं काही लिहून देऊ नकोस. जे तुझ्या हातात न्हाय त्याचा शब्द देतीस, हीच तुझी खोड." मी कागद गुंडाळला आणि चहा न घेताच निघाले. आठवड्यानं कंडक्टरनं आमच्या लोहाऱ्याच्या स्टँडवर माझ्या हाती एक खोकं दिलं. काकूंचं दम्याच्या औषधाची वाफ घ्यायचं जुनं पंपाचं यंत्र होतं त्यात. सोबत चिठ्ठी: 'हवा ओढणारी बाजू वापर. पार्ट उचलायला पुरेल.' ती पुरली. ती जुळणी तुम्हाला दाखवायला आणायची म्हणत राहिले आणि त्याच वर्षी तुम्ही गेलात.

मशीन उभी राहायला आणखी दोन वर्षं लागली. भंगारातल्या प्रिंटरच्या मोटारी, इंजेक्शनची बोथट केलेली सुई, एक छोटा कॅमेरा. मागच्या हिवाळ्यात ती भूमला बायांच्या खोलीत नेली आणि पहिलं खरं काम मिळालं. शेतातल्या पंपाला ऑटो असतो, लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा. त्याचे बोर्ड. तीनपैकी एक फेज गेली तर मोटार बंद करणं हेही त्याच बोर्डाचं काम, नाहीतर मोटार जळते. वीस बोर्ड आम्ही तासाभरात बसवले. सगळे तपासले, सगळे चालले. चौदा शेतांवर लागले, सहा खोलीत राहिले. मी पेढे वाटले.

चौथ्या दिवशी सकाळी मावशीनं हाक मारली. मावशी म्हणजे त्या चौघींतली थोरली, खोली तिचीच. उरलेला एक बोर्ड तिनं भिंगाखाली धरला होता. "ह्या काळ्या पार्टावरची पांढरी रेघ उजवीकडं पाहिजे ना? हितं डावीकडं हाय." मी बाकीचे पाच बघितले. सगळ्यांवर डावीकडंच. तो पार्ट फेज गेलेली ओळखणारा. उलटा बसला तरी बोर्ड छान चालतो, मोटार चालू होते, बंद होते. फक्त ज्या एका वेळेसाठी तो बसवलेला असतो, त्याच वेळी तो गप्प राहतो. आणि फेज घालवून आम्ही तपासलंच नव्हतं.

घड्याळात नऊ वाजून गेलेले. शेतीची लाईट दहाला येणार आणि चौदा मोटारी आपोआप चालू होणार.

शेतकऱ्यांचे नंबर आम्हाला हे काम देणाऱ्या, मोटारीचे स्टार्टर विकणाऱ्या दुकानदाराकडं होते. तो फोनवर म्हणाला, "अवो मॅडम, फेज काय रोज जाती का? गुपचूप एकेक बदलून टाकू. आज बोंबललात तर माझं दुकान बसंल." खरं सांगते सर, अर्धा क्षण मला ते पटलं. मशीनचं पहिलंच काम होतं. तेवढ्यात मावशीनं माझ्या हातातून फोन घेतला. "नंबर देता का आमी चौघी दुकानाम्होरं येऊन बसू?" त्यानं नंबर दिले, शेतं कुठली तेही सांगितलं. चौघींनी चार फोन धरले. मेन बंद ठेवा, स्टार्टरच्या डब्याला हात लावू नका, आम्ही येतोय. कुणी शिव्या दिल्या, कुणी दोनदा विचारून घेतलं. दहाला दहा कमी असताना तेरा झाले. चौदावा बंद लागत होता.

मी स्कूटी काढते. रस्ता खडीचा आणि मी सारखी विजेच्या तारांकडं बघतेय, जणू लाईट आलेली वरून दिसणार आहे. बांधावर गाडी टाकून पळते तेव्हा दहा वाजून गेलेत. मोटारीचा आवाज ऐकू येतो आणि मी जागीच थांबते. तो चालण्याचा आवाज नाही, गुरगुरण्याचा आहे. फेज गेलीय. हरभऱ्यातून एक म्हातारी ओल्या अनवाणी पायांनी स्टार्टरच्या पत्र्याच्या डब्याकडं निघालीय. डब्यातून धूर येतोय आणि ती हात पुढं करते.

"आजी! हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की ती खाली बसलीच. खोपटाशी कोरडी काठी होती, त्या काठीनं मी मेनचा दांडा खाली ओढला. आवाज थांबला. जळक्या वॉर्निशचा वास मात्र तसाच.

"मोटार जळाली व्हय?"

"व्हय, आजी."

"कुणाच्यानं?"

तोंडाशी आलं होतं, मशीनच्यानं. "माझ्यानं," मी म्हणाले. "पार्ट कुठल्या दिशेनं ठेवायचा, ते मशीनला मीच उलटं सांगितलं."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. रागावली नाही. "हरभऱ्याचं पाणी ऱ्हायलं की माझं," एवढंच म्हणाली आणि पायाचा चिखल पुसायला लागली. ती मोटार भरून, म्हणजे आतली जळकी तार बदलून, आणून बसवेपर्यंत मी तिच्या शेतावर रोज गेले. चौदाही बोर्ड बदलले. त्या दुकानदारानं पुन्हा काम दिलं नाही. चार महिन्यांनी लोहाऱ्याचा एक माणूस आला, त्याचं काम आता चालू आहे. मशीन चालली की पहिला बोर्ड मावशीच्या भिंगाखाली जातो आणि ती मान हलवेपर्यंत दुसरा सुरू होत नाही. तशी आणखी एक मशीन मी परांड्याच्या दोघा भावांसाठी करतेय.

हे सगळं तुम्हाला कळावं म्हणून लिहायला बसले. तुमच्या मुलाचा पत्ता माझ्याकडं आहे, पण त्याला हे पाठवून काय करू. शिवाय एक गोष्ट राहिली, ती त्यानं वाचावी असं वाटत नाही. चौघींपैकी आता तिघीच येतात. जिचा हात सगळ्यात चलाख होता, एका श्वासात पार्ट ठेवायची, ती उन्हाळ्यात यायची थांबली. बाकीच्या मशीन चालवायला शिकल्या, तिनं शिकायचं नाही म्हटलं. कुणाशी भांडली नाही, आपला चिमटा घेऊन गेली. मागच्या आठवडी बाजारात ती समोरून येताना दिसली. तिनं मला बघायच्या आत मी भांड्यांच्या दुकानात शिरले आणि ती पुढं जाईपर्यंत उगाच एका पातेल्याचा भाव विचारत राहिले.