आजोबांच्या खोपटावरून

अँकरेज, अलास्का
४ ऑक्टोबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहिते.

परवा गावोगावी रक्त पोचवायचं आमचं ड्रोन तुझ्या विमानाला घासता घासता राहिलं. तू रेडिओवर सांगितलंस, आजोबांच्या खोपटावर आहे. आमची माणसं नकाशात खोपट शोधत बसली. दादा, मासे सुकवायचं ते खोपट नदीने कधीच गिळलं, पण तुम्ही वैमानिक अजून त्याच्याच नावाने आकाश ओळखता. विद्यापीठं आणि विमान खातं मिळून चालवतात तो प्रयोग आता थांबलाय. ठावठिकाणा कळवणारी डबी तुम्ही विमानात बसवली नाही, तर ड्रोन उडवायला परवानगी नाही म्हणतात.

नस्तास्यावहिनीला पुन्हा दिवस गेलेत; मागच्या बाळंतपणात तिचं किती रक्त गेलं, विसरलास? धुक्यात तुला उडता येणार नाही. रक्ताची पिशवी ड्रोनच आणेल. पाया पडते, डबी बसव. लोभ आहेच, तो या वेळी माझं ऐकण्याइतका असू दे.

तुझी अगाफिया

कस्कोक्विमकाठ
११ ऑक्टोबर

चि. अगाफियास,
अ. उ. आ. तुझं पत्र टपालाच्या थैलीतून मीच उडवत आणलं, बघ. डबीचं ऐकून इथले सगळे हसले. आम्ही एकमेकांना आवाजावरून ओळखतो. तुझ्या यंत्राला ना डोळे ना कान, आणि वाट आम्ही द्यायची?

बाळंतपणाच्या महिनाभर आधी शहरात जाऊन राहा म्हणतोय, पण नस्तास्या पोरांना सोडून निघत नाही. मला भीती वाटते गं. डबी नको, पण जागांची नावं सोबत लिहिलीत. तुझ्या माणसांकडून पाठ करून घे. वहिनीने सुकवलेले मासे धाडलेत, एकटीने संपवू नकोस. आठवण ठेव.

तुझा दादा एव्हॉन

कस्कोक्विमकाठ
३ नोव्हेंबर

चि. अगाफियास,
अ. उ. आ. नस्तास्याला दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या. धुकं एवढं, की माझ्याच विमानाचं शेपूट दिसेना. रेडिओ धरून नुसता बसलो होतो. नावं दाखवून तू एका उड्डाणाची परवानगी मिळवलीस, हे मला ठाऊक नव्हतं. मग तुझा आवाज आला. ड्रोन आजोबांच्या खोपटावर आहे, गावाकडे वळतंय, असं तू आमच्यासारखंच म्हणालीस. मी लहान पोरासारखा रडलो.

रक्त वेळेत पोचलं, नस्तास्या वाचली. मुलगी राहिली नाही.

डबी मी काल बसवली. बाकीच्यांच्याही मागे लागलोय.

मुलीला चर्चमागच्या टेकाडावर ठेवलं. नाव तुझंच दिलं. उतरताना आम्ही तिथूनच वळतो, आणि आता सगळे रेडिओवर छोट्या अगाफियावर आहे असंच सांगतात. तेवढं नाव तुमच्या नकाशात घाल.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा एव्हॉन