राधाकृष्णरावांची गाडी गळत का नाही?

श्रीरामपूर,
सोमवार

थोरले साडू राधाकृष्णराव यांस धाकटा साडू बिभीषण याचा लांबूनच नमस्कार. (हाताला पेट्रोल आहे.)

आम्ही इकडे बरे आहोत. आक्कांचे गुडघे काय म्हणतात? तुमची शुगर कशी आहे? नॉर्मलच असणार म्हणा, तुमचं सगळंच नॉर्मल असतं. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि आक्कांनी ऐकलेली गोष्ट धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या ज्योतीला, कळेपर्यंत मला पायात चप्पल घालायलाही वेळ मिळत नाही.

विषय आपल्या गाड्यांचा आहे. स्पष्टच लिहितो, मला तुमचा हेवा वाटतो. आपण दोघांनी एकाच दिवशी, एकाच भंगारवाल्याकडून, एकाच कंपनीच्या आणि एकाच सालच्या दोन जुन्या मोटारसायकली आणल्या, त्याला आता दोन वर्षं होतील. पहिली निवड माझी होती. (तुम्हीच म्हणालात, 'आधी तुमी घ्या.' हा तुमचा मोठेपणाही मला सहन होत नाही.) मी चकाकणारी उचलली, तुमच्या वाट्याला पोपडे आलेली आली. आज तुमच्या गाडीखालची फरशी रांगोळी काढावी इतकी कोरडी असते आणि माझ्या गाडीखाली ज्योती पातेलं ठेवते. शेजारचे भागवतआबा बिडी ओढायला आता दोन घरं पलीकडे जाऊन बसतात.

मी काही हात बांधून बसलो नव्हतो. आधी साबण लावून पाहिला. मग कार्बोरेटरच्या वाटीला नवं पॅकिंग कापलं, घरात पडलेल्या एका लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं. घाईत कापल्यामुळे वाटीच्या कडेनं 'आग्रहाचे निमंत्रण' एवढी अक्षरं बाहेर डोकावत होती, आणि पेट्रोलनं ते निमंत्रण लगेच स्वीकारलं. शेवटी कानिफनाथ मिस्त्रीनं वाटी उघडली. आतला पितळी फ्लोट पेट्रोल चढलं की तरंगत वर येतो आणि सुई दाबून पेट्रोल अडवतो, हे तुम्हाला मी काय शिकवणार? मिस्त्रीनं तो माझ्या कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजलं. "भोक पडलंय. पेट्रोल पिऊन बुडतोय ह्यो. असला माल आता मिळत न्हाई," असं म्हणून त्यानं तो पुन्हा होता तिथं बसवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हेही मी सोसलं असतं. पण आपण पुणतांब्याला मामांकडे हुरड्याला जमलो, तेव्हा त्यांच्या घरून मळ्यापर्यंतसुद्धा ज्योती माझ्या गाडीवर बसेना. साडीला वास लागतो म्हणाली. तुम्ही लगेच दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेला माझी बायको, दुसऱ्या खेपेला तुमची. मी मागची सीट रिकामी घेऊन तुमच्या धुळीतून आलो. वर मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "राधाकृष्णरावांच्या हाताला गुण हाय." सासऱ्यानं एका जावयाचं कौतुक करताना दुसऱ्याकडे बघू नये, एवढं तरी भान ठेवावं की नाही? त्या दिवशी हुरडा माझ्या घशाखाली उतरला नाही. (शेंगदाण्याची चटणी मात्र चांगली होती.) लग्नाला तेवीस वर्षं झाली, ज्योती मागं बसली की माझ्या खांद्यावर हात ठेवते. त्या दिवशी तिचा हात तुमच्या खांद्यावर होता की कॅरियरला, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

आता येत्या रविवारी मामांची पंचाहत्तरी. ज्योतीनं जाहीर केलंय, गाडी गळत असली तर ती दाजींना फोन करून बोलावून घेणार. आणि तुम्ही राहात्याहून वाट वाकडी करून याल, याची मला खात्री आहे. माझं दुखणं तेच आहे. तेव्हा विनंती एवढीच, की रविवारी तुमची गाडी चालू होऊ देऊ नका. थोरल्या साडूनं धाकट्यासाठी एवढं करायला हरकत नसावी.

आक्कांना नमस्कार. पत्र वाचून झाल्यावर फाडून टाका.

तुमचा,
बिभीषण

ता. क. एक सांगायचं राहिलं. हुरडा खाऊन सगळे झाडाखाली आडवे झाले, तेव्हा मी गोठ्यामागं तुमच्या गाडीचा चांगला फ्लोट काढून माझ्या गाडीत घातला आणि माझा फुटका तुमच्या गाडीत बसवला. (माझ्या हाताला पेट्रोलचा वास आला तर कोणाला नवल वाटणार?) पुढच्याच आठवड्यात तुमचा फोन आला, "फ्लोटला भोक पडलं हुतं, झाळून घेतला. आता गाडी लई भारी चालती." साडूभाऊ, तो माझा फ्लोट. दोन वर्षं माझ्याकडे बुडून बसला आणि तुमच्याकडे जाऊन सुधारला! आणि तुमचा चांगला फ्लोट घालूनही माझी गाडी गळतेच आहे. आता माझी अक्कल संपली. मला माफ करा, शनिवारी या, आणि काय गळतंय ते बघा. दुरुस्ती मी केली, असं ज्योतीला सांगितलंत तर उपकार होतील.

ता. क. २. तुमचा पिनकोड विचारायला गेलो, तर ज्योतीनं पत्र हातातून काढून घेतलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. पत्र माझ्या हातात परत ठेवलं. म्हणाली, "एवढं मनाला लावून घेतलं व्हय तुमी? रविवारी मी तुमच्याच मागं बसती. जुनी साडी नेसून येते, तिथं गेल्यावर बदलीन." मला एकदम भरून आलं. डोळे पुसतोय तोवर ती पुढं म्हणाली, "शनिवारी दाजी येतीलच, तवा नवी साडी त्यांच्यापाशी देऊन ठेवते. त्यांच्या गाडीवर वास लागायचा न्हाई."

साडूभाऊ, शनिवारी सकाळीच या. ती साडीसुद्धा माझ्याच गाडीवर गेली पाहिजे.