उगवतीकडचा ओटा

लिहून ठेवणार: श्रीमती गोदावरी मोरेश्वर केणे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती (आता नावापुरती), राहणार वडपे, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे.

मी वर नाव लिहिलेली गोदावरी, गाव मला गोदू म्हणतं, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. असं सगळेच लिहितात, पण मला ते जरा ठासून लिहावं लागतं, कारण माझा मुलगा धनेश येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो की आईचं हल्ली काही खरं नाही, ती भिंतीशी बोलते. भिंतीशी मी बोलते हे खरं आहे. ती भिंत कुणाची आणि मी तिला काय बोलते, ते पुढे येईल. गावातल्या डॉक्टर सबीहा बुबेरे यांनी मला तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार विचारला, मुलांची नावं विचारली, आणि मन कशाने प्रसन्न राहतं तेही विचारलं. मी म्हटलं, सकाळच्या उन्हाने. त्या म्हणाल्या, मग रोज सकाळी उन्हात बसत जा. मी विचारलं, कुठल्या? त्यांनी खिडकीतून भिंतीकडे बघितलं आणि दाखल्यावर सही केली.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मसुदा वकील कुमार तरे यांनी करून दिला. मी मध्ये मध्ये घातलेला मजकूर गाळावा, कोर्टाला तो लागत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. कोर्टाला लागत नसेल, मला लागतो. मागे एकदा त्यांचं न ऐकल्यामुळे मी फसले. या वेळी फसायला काही उरलेलं नाही.

कलम १. माझी वेताची चटई, शिंगाची फणी आणि तेलाची पितळी वाटी माझी मैत्रीण रशिदा हसन खोत हिला द्यावी.

माझे यजमान मोरेश्वर गेले तेव्हा मी घरात बसले ती बसलेच. कशाला हात लावावासा वाटेना. दुपार आहे की दिवेलागण झाली, कळत नसे. केसांचा गुंता झाला, तो तसाच बांधून ठेवला. नातेवाईक आले, रडले, जेवले आणि गेले. समोरच्या आळीतली रशिदा एका सकाळी ही चटई घेऊन आली, उगवतीकडच्या ओट्यावर पसरली आणि आत येऊन तिने माझा दंड धरला. म्हणाली, "गोदू, रडायचं हाय ना, तर रड. पण भायेर उन्हात बसून रड." मी उन्हात बसून रडले आणि ती मागे बसून माझा गुंता सोडवत राहिली. दुसऱ्या दिवशी परत आली.

त्यातून सवयी लागल्या. उठल्यावर तांब्यातलं पाणी प्यायचं. ओट्यावर कोवळं ऊन घेत चहा घ्यायचा, पाठीला ऊब लागेपर्यंत उठायचं नाही. मग दोघींनी बांधावरून अनवाणी तळ्यापर्यंत जायचं, वाटेत दिसेल त्याला नावाने हाक मारायची. तांदूळ निवडताना गायचं, आवाज कसाही असो. अंधार पडायच्या आत जेवायचं. एवढंच केलं. पुढच्या लावणीला मी चिखलात उभी राहून कुणाच्या तरी फजितीवर हसत होते, आणि आपण हसतोय हे माझ्या नंतर लक्षात आलं. तिचा नवरा हसन तिला चिडवायचा की तुझी डॉक्टरकी लई चालली, आता फी लाव. बाकी सगळ्या सवयी कुठेही पाळता येतात. पण त्या सगळ्या सुरू व्हायच्या ओट्यावरच्या उन्हाने. ते चुकलं की पुढचा दिवस घसरत जातो, हे मला आता पक्कं कळलं आहे.

साक्षीदार म्हणून मला रशिदाच हवी होती. पण ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीला घेऊ नये, असं वकील म्हणाले. तिची सही घे किंवा तिला चटई दे, असा प्रश्न आला. मी चटई दिली.

कलम २. हे कलम देण्याचं नाही, गेलेल्याचं आहे.

घराच्या उगवतीला आमचं खळं होतं. त्याच्या मधोमध मेढ, म्हणजे मळणीला बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. बैल गेले, मळणी यंत्रावर आली, मेढ आम्ही काढली नाही. केणे घराण्यात मेढीला हात लावून दिलेला शब्द कागदावर लिहीत नाहीत. लिहून दे म्हणणं म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटा म्हणणं.

आजूबाजूच्या सगळ्या शेतांत गोदामं उभी राहिली तेव्हा धनेशनेही आमची जमीन गोदामाला द्यायचं ठरवलं. माझी त्याला ना नव्हती, एकटीने भात लावणं आता होत नाही. करारासाठी जमीन एकाच्या नावावर हवी होती. माझी मुलगी दिशा हिने माहेर तुटू नये म्हणून हक्क सोडला, जसा आमच्याकडे सगळ्या बहिणी सोडतात. मीही सही दिली. फक्त एक मागितलं, की गोदाम मागच्या शेतात बांध, खळ्यावर काही उभं करू नकोस, माझ्या ओट्याचं ऊन राहू दे. धनेशने मेढीला हात लावला आणि म्हणाला, "आई, तुझ्या उन्हाला धक्का लागनार न्हाय." वकिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं की ही अट कागदात घालू का. मला त्यांचीच लाज वाटली. मी म्हटलं, मायलेकांत कागद कसला, त्याने मेढीला हात लावलाय.

दिवाळी झाली आणि धनेशला माझ्या गुडघ्यांची आठवण झाली. म्हणाला, दिशाकडे गणेशपुरीला जाऊन राहा, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात रोज पाय बुडव, सगळा शीण जाईल. स्वतः गाडीने सोडायला आला. माझं अंथरूण त्याने स्वतः घातलं. मी दिशाला म्हटलं, बघ, पोरगा बापावर गेला. मी रोज कुंडावर जात होते, बायकांत बसून गप्पा मारत होते, गुडघे खरंच हलके झाले. रोज सकाळी धनेशला फोन करून एकच विचारत होते, ओट्यावर ऊन आलं का. आणि तो रोज म्हणायचा, "आलंय, आई. चटईवर मांजर बसलीय."

शिमग्याच्या आधी परतले. विशालने, म्हणजे जावयाने, भल्या पहाटे एसटीत बसवलं, घरी पोचले तेव्हा उन्हं नुकती वर आली होती. रस्त्यावर होती. घरावर नव्हती. खळ्यावर गोदाम उभं होतं. ट्रकच्या फळीला लागावा म्हणून जोता आधीच माणसाच्या छातीएवढा, त्यावर पत्र्याची भिंत, आणि ती माझ्या ओट्यापासून हाताच्या अंतरावर. मला वाटलं, मी चुकीच्या घरी आले. मग तुळस दिसली. मी चहा केला, सवयीने ओट्यावर येऊन बसले आणि ऊन यायची वाट बघितली. चहा गार झाला. मांजर आत चुलीपाशी होती.

धनेश आला. मी विचारलं, शब्दाचं काय? त्याने खाली बघितलं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. म्हणाला, "पार्टीला मोठं गोदाम पायजे होतं. आन अकरा वाजता येतंच की तुला ऊन. खळंच ऱ्हायलं न्हाय आता, त खळ्यावरचा शब्द कुठनं ऱ्हानार?"

मला त्याने जमिनीसाठी फसवलं असतं तर मी समजून घेतलं असतं. गावात घरोघरी तेच चाललंय. पण त्याने मला माझ्या बऱ्या होण्याने फसवलं. माझे पाय गरम पाण्यात ठेवून माझं ऊन काढून घेतलं, आणि रोज सकाळी फोनवर ते आहे म्हणून सांगितलं. त्या मांजरीचं मला सगळ्यात जास्त लागलं.

भिंतीशी मी बोलते ते हे: सरक. एवढंच म्हणते.

कलम ३. मालिश करणारी खुर्ची, खरा उजेड देतो असं खोक्यावर छापलेला विजेचा दिवा, आणि दर तासाला पाणी प्या म्हणून वाजणारा मोबाईल, या तिन्ही वस्तू धनेशने भिंतीनंतर आणून दिल्या. त्या त्याच्या त्याला परत कराव्यात. खुर्चीवर मी एकदा बसले. तिने माझी पाठ अशी धोपटली की मला माझ्या सासूबाई आठवल्या. दिव्याचं ऊन पाठीला लागत नाही. पाण्याचं मला कळतं.

कलम ४. पाण्याचा तांब्या, माझ्या गळ्यातली पोत आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता बँकेत राहील ती सगळी शिल्लक माझी सून नेत्रा हिला, तिच्या एकटीच्या नावाच्या खात्यात द्यावी.

नेत्राला सगळं ठाऊक होतं. मी परतले त्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. नंतर माझ्या पायाशी येऊन बसली आणि म्हणाली की फोन घ्यायची हिंमत होत नव्हती, म्हणून ह्यांनाच घ्यायला लावत होते. मी तिला माफ केलेलं नाही. पण रडली ती एकटीच, म्हणून तिला देते. तिने सकाळी उठल्याबरोबर तांब्यातलं पाणी प्यावं. हल्ली तिचा चेहरा फार उतरलेला दिसतो. शिमगा झाल्यावर ती दोघं नारपोलीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. बाल्कनी उगवतीला आहे. धनेश मला म्हणाला, आई, तिकडे चल, तिकडे सकाळचं ऊन येतं. मी गेले नाही. त्याला सकाळच्या उन्हाची किंमत कळत नव्हती असं मी तोवर मनाला समजावत होते, तेही त्या दिवशी संपलं.

कलम ५. माझ्या मालकीचं वडपे गावठाणातलं राहतं घर, त्याखालच्या व भोवतालच्या जागेसह, मी माझी मुलगी दिशा हिला पूर्ण मालकीने देते. हा मालकी हक्क फक्त कलम ६ मध्ये लिहिलेल्या वापराला अधीन राहील.

ही जागा धनेशला हवी आहे. गोदामाला आलेले ट्रक वळत नाहीत, हे घर पाडलं की वळतील. तीन वेळा कागद घेऊन आला, आणि आता कागदावरच बोलू असं मी शिकल्यामुळे तिन्ही वेळा नीट वाचून परत दिले. दिशा तिकडे मला कुंडावर नेत होती तेव्हा तिलाही काही माहीत नव्हतं. एकदा हक्क सोडून ती रिकामी झाली, आता तिने सोडू नये. घर ठेवीन असा तिच्याकडून मी शब्द घेतलेला नाही. शब्द घेणं मी सोडलं आहे.

कलम ६. धनेश मोरेश्वर केणे, माझा मुलगा, याच्याविषयी.

खळ्यातली मेढ गोदामाच्या भरावात गेली नाही. उपटून गटाराकडे टाकली होती, ती रशिदाने आपल्या मुलाला सांगून माझ्या पडवीत आणून ठेवली. मी आधी लिहिलं होतं की ती माझ्या सरणावर घालावी. ते खोडलं आहे, खोडल्या जागी माझी सही आहे. मेढ ओट्याच्या उगवतीकडच्या कोपऱ्यात पक्की रोवावी. धनेशला पाठ टेकायला होईल.

कारण धनेशला मी घरातला हिस्सा देते आहे. आईने पोराला काहीच ठेवलं नाही, असं कुणी म्हणू नये. उगवतीकडचा ओटा, सूर्य उगवल्यापासून त्या ओट्यावर ऊन पडेपर्यंत, रोज, त्याच्या हयातीपर्यंत, त्याच्या वापराचा राहील. तेवढ्या वेळात तिथून त्याला कुणी उठवू नये. हा हक्क त्याला विकता, गहाण ठेवता किंवा भाड्याने देता येणार नाही, आणि त्याच्या हयातीत ओटा कुणाला पाडता येणार नाही. तो येईल त्या दिवशी घरात जो कोणी असेल त्याने त्याला चहा द्यावा, साखर बेताची. त्याला सांगावं की चहा हातात घेऊन नुसतं बसायचं, फोन बघायचा नाही, ऊन यायची वाट बघायची. याने माणूस सुधारतो, मी स्वतः सुधारले आहे.

असा हिस्सा त्यांनी कधी लिहिलेला नाही, आणि फार लहान वाटतो, असं वकील म्हणाले. त्याच्या वडिलांच्या वेळी हा हिस्सा लहानच होता. सूर्य वर आला की ऊन ओट्यावर, बसता बसता संपला असता. आता तो अकरा वाजेपर्यंत पुरतो. एवढा मोठा त्याचा त्यानेच केला आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील कुमार तरे यांनी करावी. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो माझाच आहे म्हणून त्यांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली. उद्या संक्रांत आहे. माझ्याकडून सर्वांना तिळगूळ, त्यात धनेशही आला.

सही: गोदावरी मोरेश्वर केणे

साक्षीदार:
१. डॉ. सबीहा बुबेरे, राहणार वडपे
२. आनंदीबाई मोकाशी, अंगणवाडी सेविका, राहणार वडपे

ठिकाण: भिवंडी
दिनांक: १३ जानेवारी २०२५