एक्केचाळीस नंबरची सोय

३ मार्च
आजपासून नियम. उंदरांत जीव गुंतवायचा नाही. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, घरी यायचं. हृदयाचा जो बिघडलेला जीन ह्यांना घेऊन गेला, तोच या उंदरांत घातलाय. प्रयोगशाळेच्या बाई म्हणतात, निकालाला दहा महिने. लेक म्हणते, बाबांचं ते माझ्यात आहे का, टेस्ट करू. म्हटलं, आधी उंदरांचा निकाल येऊ दे. शास्त्राची एक पद्धत असते.

५ मार्च
४१ नंबरच्या उंदराची मादी मेली. तो कोपऱ्यात पाठ करून बसलाय. मला काय त्याचं.

९ मार्च, दुपारी
४१ दाण्याला तोंड लावत नाही. उपाशी उंदीर म्हणजे प्रयोगाचं नुकसान. निव्वळ प्रयोगासाठी त्याला चार दिवस समोरच्या रॅकवर, तीन माद्यांत ठेवलं. तिथले उंदीर साधे, बिघाड नसलेले, तुलनेसाठी पाळलेले. पाहुणा म्हणून गेलाय. बाईंना सांगायचं राहिलं.

१३ मार्च
परत आणला. मजेत खातोय. बाईंनी पुस्तकं वाचलीत. मीही वाचते, शिवाय संसार केलाय.
लेकीनं पुन्हा टेस्टचं काढलं. आधी माझ्या चष्म्याचा नंबर बदलून घेऊ, मग बघू.

२४ मार्च
समोरच्या तिघी अंगानं सुटल्यात. खाणं जास्त होतंय. दाणे कमी केले.

३१ मार्च
तिघींना मिळून एकोणीस पिल्लं. खाण्याचा प्रश्न नव्हता.

१४ एप्रिल
पिल्लांची तपासणी आली. नऊ जणांत ह्यांचा जीन. बाईंनी विचारलं, मावशी, साध्या रॅकवर हे आलं कुठून? म्हटलं, तो एकटा पडला होता. बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, तुलनेचा रॅक बाद, सगळं पहिल्यापासून, दीड वर्ष. मी आता फक्त भुसा बघायचा.
घरी सांगितलं, निकाल लांबला, तुझी टेस्टही लांबवू. लेक म्हणाली, आई, एकोणीस पिल्लांची झाली, माझीच तेवढी राहिलीय. उद्या नऊला जायचं.

१५ एप्रिल, सकाळी ८
चष्मा सापडत नाही, आज जमणार नाही, असं सांगितलं.
लेक म्हणाली, डोक्यावर आहे. चप्पल घाल.