बराखीतली सुनंदा

प्रिय सिस्टर,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. एवढ्या दिवसांत लिहिलं नाही, कारण रडण्यापलीकडं काही सुचत नव्हतं. आज रडू नाही, शिसारी आलीय. ती तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

सकाळी तात्या ग्रामपंचायतीच्या वतीनं घरी आले. गावच्या नव्या सभागृहाला तुमचं नाव द्यायचं ठरलंय. रविवारी तुमच्या फोटोला हार, मग भाषणं. फ्लेक्स छापायला दिलाय, त्यात तुम्ही कोपऱ्यात आणि तात्या मधोमध! मी तुमच्या हाताखाली शिकलेली, म्हणून दोन शब्द मी बोलायचे. "सिस्टर म्हंजे देवी व्हती, छाया. माझ्या पोराचं लई केलं तिनं," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

डोळे खरंच भरले होते, त्याचीच जास्त किळस आली. कारण त्याच वेळी त्यांची सून सुनंदा मळ्यात कांदा साठवायच्या बराखीत पडलेली होती. पोटात अन्न ठरत नाही, पाठ सोलून निघालीय. सासू ताट दारातून काठीनं आत सरकवते. मुलगा ट्रकवर होता. एचआयव्ही त्यानं आणला, हिला दिला आणि गेला. तरी घरात म्हणतात, हिनंच आमच्या पोराला खाल्लं. खोटं बोलायलाही काही लाज असावी की नाही?

तुम्ही मढच्या. भातखाचरातली पोर पुण्याला जाऊन नर्स झाली, आणि रिटायर झाल्यावर घरी बसायचं सोडून आमच्या गावात येऊन आम्हा सुनांना गोळा केलंत. तोवर आमच्याकडं आजारपण म्हणजे एक सलाईन, नाहीतर लेण्याद्रीला नवस. औषध संपलं तरी माणसाचं करणं संपत नाही, हे इथं पहिल्यांदा तुम्ही शिकवलंत. कुशीवर कसं वळवायचं, चादरीला सुरकुती का राहू द्यायची नाही. जखम धुताना हातमोजे घालायला लावायचात आणि वेणी घालताना काढायला. "केसांनी काय बी व्हत न्हाई गं. तिला माणसाचा हात लागू दे," म्हणायचात.

तुमच्यावर एक राग आहे, सांगू? तुम्ही लोकांना फार लवकर माफ करायचात. तात्यांच्या घरी तुमचा कप वेगळा ठेवायचे, तरी हसून चहा प्यायचात. कशाला प्यायचात? तुम्ही हार्टनं गेलात, तर गावात कुजबुज, सिस्टरलाही तेच झालं होतं. तुम्हाला आंघोळ घालायला गावातली एक बाई पुढं आली नाही. तात्यांच्या घरच्या बायका तर दारातूनच हात जोडून परत गेल्या. मी आणि मढहून आलेली तुमची बहीण, आम्ही दोघींनीच घातली.

तात्यांना म्हटलं, भाषण करते, पण आधी सुनंदाला घरात घ्या. ते म्हणाले, "रविवार तरी जाऊ दे. पावणं येणारेत."

पेशंटची घाण तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली, कधी मळमळलं नाही. हे ऐकलं आणि हातातला चहा मोरीत ओतून दिला.

दुपारी माझ्या सासूबाईंना सांगितलं, सुनंदाला आपल्याकडं आणायचीय. त्या गहू निवडत होत्या. मला वाटलं, आता भांडण होणार. "माजघरात नको," त्या म्हणाल्या. "कोंदट हाय. पुढल्या खोलीत ठेव."

मग बराखीत गेले. सुनंदाला म्हटलं, आमची पुढली खोली रस्त्यालगत आहे, सभागृहाकडं जाणारे सगळे दारावरूनच जातील. पडदा लावते. ती म्हणाली, "नगं. बघू दे त्यांना."

तर सिस्टर, रविवारी तुमच्या फोटोला हार घालायला मी येणार नाही. मी सुनंदापाशी असेन आणि दार सताड उघडं असेल. ती बरी होईल असा शब्द देत नाही. तसा खोटा शब्द पेशंटला द्यायचा नाही, ही तुमचीच ताकीद. पण ती एकटी मरणार नाही, एवढा शब्द तुम्हाला देते.

तुमचीच,
छाया