कोंबडा किती वेळा आरवला

१४ ऑक्टोबर

प्रिय शंकेखोरास,

ताईचा प्रभूमध्ये सलाम. तुम्ही तिघंही बरे असाल अशी आशा आहे. मुलगी आता शाळेत जात असेल. गेलात तेव्हा नुसती रांगत होती. तिला आत्याचा पापा.

इकडे सगळं ठीक आहे. पप्पांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पण उजव्या डोळ्याला अजून फारसं दिसत नाही. म्हणून रोज सकाळी चहा झाला की मीच त्यांना पवित्र शास्त्र वाचून दाखवते. प्रुफं तपासायची सवय जात नाही, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबते. परवा म्हणाले, "अगं, वचन वाचतेस की तपासतेस?"

बायबल कॉलेजचा छापखाना तसाच आहे. तुझं टेबल खिडकीखाली नेलंय, त्यावर आता मासिकाचे जुने गठ्ठे आहेत.

गेल्या सोमवारी वाचता वाचता तो भाग आला. शिष्य तीनदा प्रभूला नाकारतो तो. एका शुभवर्तमानात कोंबडा दोनदा आरवतो, बाकीच्या तिन्हींत एकदाच. तुझा तो लेख या फरकावरच होता. मी भराभर पुढे जायला लागले, तर पप्पांनी हात वर केला. म्हणाले, "मूळ ग्रीकमध्ये काय शब्द आहे, ते त्याला विचारायला हवं होतं." सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझा विषय काढला. मी पुस्तक मिटलं आणि कप धुवायच्या निमित्ताने आत गेले.

आता लिहायचं टाळत होते ते लिहिते.

तो लेख तू मला दिलास तेव्हा म्हणाला होतास, "ताई, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघ. अजून कुणाला दाखवू नकोस." मी दोन दिवस तो पर्समध्ये घेऊन फिरले. मम्मी अंथरुणाला खिळली होती तेव्हा याच वचनांनी मला धरून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर जरी माणसाच्या चुकीचं निघालं, तर मी कशाच्या आधारावर उभी होते, असं सारखं वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी मी तो प्राचार्यांना नेऊन दिला, माझं नाव कुठे घेऊ नका म्हणाले. वाटलं, ते तुला खोलीत बोलावून समजावतील. त्यांनी बैठक बोलावली.

शास्त्र अक्षरशः निर्दोष आहे, या कागदावर सही कर नाहीतर कॉलेजातली नोकरी सोड, असं तुला सांगितलं गेलं. तू म्हणालास, "मी शास्त्राला मानतो, म्हणूनच त्याच्याबद्दल मला न पटलेलं लिहून देणार नाही." आठ दिवसांत क्वार्टर रिकामं झालं. तुम्ही टेम्पोत सामान भरत होतात तेव्हा मी छापखान्यात एकाच ओळीचं प्रूफ पुन्हा पुन्हा वाचत बसले होते.

लेख फोडल्याचा आळ आला अक्षरजुळणीवाल्या काकांवर. त्यांनी काम सोडलं. चर्चच्या मंडळीतली माणसं त्यांच्या बाकावर बसेनाशी झाली. मला सरळ विचारलं गेलं होतं. मी म्हणाले, "मला काही माहीत नाही."

पप्पांचं ते वाक्य ऐकल्यावर मात्र मला घरात बसवेना. दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले. ते दारातच चष्म्याची काडी दुरुस्त करत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "मला माहीत आहे, बाई."

"कसं?"

"बैठकीत तो लेख हातोहात फिरला. त्यावर तुमच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. तुमच्या भावाने त्या बघितल्या, कागद घडी घालून खिशात ठेवला आणि कुणी दिला ते मला माहीत नाही म्हणाला. जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन त्यानेच हे सांगितलं. म्हणाला, काका, बोट तुमच्याकडे वळेल, पण ताईला इथेच राहायचंय, पप्पांना सांभाळायचंय. तुम्हाला चालेल का? मी म्हटलं, चालेल."

मी तिथेच पायरीवर बसले. काकूंनी पाणी आणून दिलं. घरी कशी आले ते आठवत नाही.

रविवारी उपासना संपल्यावर मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगणार आहे. आज सकाळी पप्पांना सांगितलं. त्यांनी माझा हात नुसता धरून ठेवला, रागावले असते तर सोपं गेलं असतं. मग म्हणाले, "त्याला आधी लिही."

एक गोष्ट खोटी लिहिणार नाही. तुझं म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही. सहीचा तो कागद या वर्षी छापखान्यातल्यांनाही आलाय आणि मी त्यावर सही करणार आहे, मनापासून. पण भांडायला समोर तू नाहीस, आणि तुझ्याइतकं जीव तोडून या पुस्तकावर भांडणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही. बाकीचे नुसते माना डोलावतात.

ये. एक दिवसासाठी ये. पप्पांना तो ग्रीक शब्द सांग. मी मधे बोलणार नाही. बोलले तर बोलू दे.

तू जिचं नाव घेतलं नाहीस, ती
तुझी ताई